पोचा

फॉर्मच्या तिसऱ्या पानावर विचारलंय:
अपघात कसा झाला, थोडक्यात लिहा.
खाली दोन ओळी.

मी लिहिलं, जिंतूर रोड, सायंकाळी पावणेसात,
समोरची उसाची ट्रॉली अचानक थांबली.
ट्रॉलीला मागे लाइट नव्हता.

लाइट नव्हता हे खरं.
पण ट्रॉली केव्हाची उभी होती,
ट्रॅक्टरवाला खाली उतरून निवांत दोर आवळायला लागला होता.
आणि मी नव्या साडूला
आमच्या डाव्या दाराचा किस्सा सांगत होतो,
एक हात स्टिअरिंगवरून उचलून, अभिनयासकट:
उज्ज्वला गाडी शिकत होती तेव्हा,
कृषी विद्यापीठाचा एवढा मोकळा रस्ता,
अख्ख्या रस्त्याला एकच खांब
(चार वर्षांत हा खांब
दर खेपेला थोडा बारीक होत आलाय)
आणि बाईसाहेबांना नेमका

इथपर्यंत आलो होतो.
काचेवर ऊस टेकला.

टोल फ्रीवरच्या मुलीनं आधी विचारलं,
तुम्ही सुरक्षित आहात ना?
बरं वाटलं.
फोन कटला, पुन्हा लावला,
तिनं पुन्हा त्याच मायेनं विचारलं,
तुम्ही सुरक्षित आहात ना?

कॅशलेस म्हणाल तर नांदेडला.
परभणीत आधी पैसे भरा, मग बिलं लावा, मग वाट बघा.
वसमत रोडला अझहरनं बंपर उतरवून लिंबाखाली ठेवला,
सर्व्हेअर येईपर्यंत हात लावायचा नाही म्हणाला.
दोन दिवस त्यात एक कोंबडी बसत होती.

तिसऱ्या दिवशी पांचाळ आले, मोटारसायकलवर,
गळ्यात बॅग, डोक्याला उपरणं.
चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली,
लहानपणी आपण नाणं उमटवायचो तशी.
म्हणाले, प्लास्टिकचे निम्मे कटतात.
पत्र्याचे पाव, तुमच्या गाडीला पाचवं लागलंय.
काचेचे पूर्ण मिळतात, पण तुमची काच फुटलीच नाही.
हे त्यांनी जरा हळहळून सांगितलं.

मग गाडीला फेरी मारता मारता डाव्या दाराशी थांबले.
खिशातून खडू काढून पोच्याभोवती गोल केला.
"हा जुना. गंज धरलाय बगा.
धडक समोरून, अन् मार दाराला कामून?"
लोक काय काय घुसडतात, अशा नजरेनं
माझ्याकडं बघितलं.

मी तोंड उघडतच होतो, अख्ख्या रस्त्याला एकच,
तोवर आरसीची झेरॉक्स घेऊन आलेली उज्ज्वला म्हणाली,
"तो माझा आहे. धरू नका त्याला."

पांचाळांनी लिहिलं: डावे दार, पूर्वीचे, ग्राह्य नाही.

अझहर म्हणाला, "भाभी, रंग तर काढणारच आहे.
हा बी ओढून देतो. पैसे नक्को."
ती बोटानं खडू पुसत होती.
म्हणाली, "राहू दे.
ह्यांना पाहुण्यांत बोलायला काय उरंल मग?"

नंतर फॉर्म मागून घेतला. माझ्या दोन ओळी वाचल्या.
"अचानक?"
एवढंच.
साडूनं बायकोला सांगितलं, बायकोनं बहिणीला.
त्या रात्रीच सगळं पोचलं होतं.

बिल अठरा हजार चारशे.
मंजूर नऊ हजार सातशे, तेही दीड महिन्यानं,
आणि पाच वर्षं राखलेला बोनस गेला.
अझहरनं बोनेट असं बसवलं
की रंगातला फरक फक्त उन्हात दिसतो,
आणि परभणीत ऊन सोडून असतं काय.

गाडी घरी तिनं आणली.
मी डावीकडं बसलो, पोच्याच्या आतल्या बाजूला.
नाक्यावर पुढं एक ट्रॉली उभी दिसली.
मी पाय गच्च दाबला.
माझ्या बाजूला ब्रेक नव्हता.
तिनं केव्हाच गिअर उतरवला होता.