लक्ष्मीपुरीत, रविवारी

उर्मीनं गणिताच्या वहीत, शेवटच्या पानावर
रेघ मारून दोन रकाने केलेत.
सशाखाली: कान. उडी. पांढरा असतोय.
गिनीपिगखाली: लहान. शेपूट नाही. शिट्टी मारतोय.
मग एक प्रश्नचिन्ह, आणि त्याच्याखाली
पप्पांना विचारणे.

बावीस वर्षं फार्मसी कॉलेजच्या प्राणिगृहात
अटेंडंट होतो, हे तिला माहीत आहे.
म्हणजे प्राण्यांना खायला घालायचो, एवढं.
तेवढंच सांगितलंय. खोटं नाही ते.

गिनीपिगला आवळा लागतो, नाहीतर सांधे धरतात.
सशाला उचलताना ढुंगणाखाली हात द्यायचा,
नाहीतर लाथ झाडताना
स्वतःचाच कणा मोडून घेतो.
तिनं लिहून घेतलं: आवळा. ढुंगण.
आणि हसत बसली.

नावं नसायची त्यांना.
पिक्रिक ॲसिडचा पिवळा ठिपका,
कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या पाठीवर,
आणि ज्याला ठिपकाच नाही
तोही एक नंबरच.
हे लिहून दिलं नाही.

कोंबड्यांच्या डालग्यांपलीकडं
जमीर बसला होता, बुट्टीवर जाळी टाकून.
"ससा न्या मामा. आवाज न्हाई, कटकट न्हाई,
शेजारी भांडायला येणार न्हाईत."
बरोबर बोलत होता.
माझंही मत सशाकडंच.
ससा गप्प असतो.
आयुष्यात एकदाच ओरडतो म्हणतात.
मी ते सात वेळा ऐकलंय.

"ससाच घेऊ," म्हटलं.
तेवढ्यात जमीरनं कोथिंबिरीची पिशवी उचलली,
प्लॅस्टिक चुरचुरलं
आणि बुट्टीच्या तळातून
वीऽऽक, वीऽऽक, वीऽऽक.
उर्मी फ्रॉकसकट मातीत बसली.
"पप्पा, बोलवायलीत की ही!"

माझी कापशी चप्पल जिन्यावर
करकरली की साठ पिंजरे
एकदम शिट्ट्या मारायचे.
सर म्हणायचे, बापूसो, आलं तुमचं बँडपथक.
ज्या सकाळी हातात घास नसायचा,
नुसती यादी असायची,
त्या सकाळीही मारायचे.
चप्पल तीच, पाय तेच,
त्यांना काय कळणार.
एकदा आठवडाभर बूट घालून गेलो.
बूट चावले. परत चप्पल.

"ससा काय म्हणतोय?" उर्मीनं विचारलं.
"काही नाही."
"मग त्याला भूक लागली कसं कळायचं?"

बावीस वर्षांत
हे कुणी विचारलं नव्हतं मला.

दोन घेतली. एकटं ठेवू नये, झुरतं.
दोन्ही माद्या. पोटाखाली बोटानं दाबून
बघून घेतल्या, हात विसरत नाही.
सफरचंदाच्या खोक्याला भोकं पाडली.
निघताना ससा जाळीतून
आमच्याकडं बघत होता,
किंवा नव्हता. सशाचं कळत नाही.

उजळाईवाडीला पोचेपर्यंत रिक्षातच
नावं ठरली: भडंग आणि चिरमुरी.
त्या रात्री उर्मी
त्यांच्या कानात त्यांचीच नावं सांगत होती,
पुन्हा पुन्हा,
विसरतील म्हणून.

तेव्हापासून चप्पल मी खाली जिन्याशीच काढतो.
वैजयंता म्हणते, थंडीची फरशी आहे,
गुडघे धरतील अशानं.
तरी अनवाणी चढतो, कडी हळू काढतो,
चोरासारखा, माझ्याच घरात.

आज सकाळी मंडईतून आलो,
दारात पाऊल टाकलं, आणि
वीऽऽक, वीऽऽक.
"फ्रीज उघडलाय मी," वैजयंता आतून,
"त्याला वरडायलीत ती."
असेल.

माझ्या हातात कोथिंबीर होती.
दोनदा बघून घेतलं.
होतीच.