किरकोळ

आल्डगेटच्या मागच्या गल्लीत
एकतीस मजल्यांच्या पायाशी, लॉबीत,
फरशीत एक काचेचं वर्तुळ आहे.
खाली, दिवा लावलेला आड.
पितळी पट्टीवर लिहिलंय : मध्ययुगीन, अंदाजे.
बाकी काही नाही. कोणी खणला,
कोणाची घागर इथे पहिल्यांदा फुटली.

काच भक्कम आहे. हत्ती उभा राहील, म्हणे.
तरी सकाळी पावणेनऊला
चारशे बूट तिला वळसा घालून जातात,
ओढ्याचं पाणी दगडाला घालतं तसा.

मी एकोणिसाव्या मजल्यावर. विमा कंपनी.
दुसऱ्यांच्या घरांत शिरलेल्या पाण्याची
किंमत ठरवते,
आणि वर्षातून एकदा आमच्याच इमारतीचा खर्च तपासते.

केनेथ ओफोरी रात्रपाळीला असतो.
एकदा मला फार उशीर झाला, तेव्हा म्हणाला, थांब, ऐक.
अडीच वाजता खालून घरघर आली,
झोपेत कोणी कूस बदलावी तशी.
पंप. रोज रात्री उपसतो.
नाहीतर चार दिवसांत काचेला लागेल.

म्हणजे झरे अजून जिवंत आहेत?
त्यांना कोणी सांगितलंच नाही ना, तो म्हणाला,
की आता नळ आलेत.

तुमच्यात याला काय म्हणतात?
आड.
ऑड?
हो, म्हटलं, तसाच आहे थोडासा.

मार्चमध्ये फर्मान आलं : बारा टक्के कात्री.
तिजोरीत खडखडाट आहे, फिलिपा हॅल्स्टेड म्हणाल्या,
आणि मी मनात पुरं केलं,
आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.
हसू फुटलं. सगळ्यांनी वळून पाहिलं.
आडात होतं की!
रोज रात्री पैसे मोजून
आम्हीच ते गटारात सोडत होतो.

ओळ चौतीस. किरकोळ.
पंप, वीज, देखभाल : नऊ हजार पौंड.
कर्सर लुकलुकत राहिला.
खोडली असती तर
पाणी आपलं आपण वर आलं असतं,
दिवा गिळत, गार,
आणि पावणेनऊला
एखादा तरी बूट थबकला असता.

विसाव्या मजल्यावरचं कॉफी मशीन कापलं.
ओळ ठेवली.
फक्त 'किरकोळ' खोडून लिहिलं : पाणी.

मे महिन्यात ऑडिटरनं विचारलं,
पाणी म्हणजे नक्की काय?
उत्तर लिहून ठेवलंय.
पाठवलं नाही अजून.