मोल्डरची रताळी

एकतीस वर्षं उद्यमनगरात साचे भरले.
वाळू मुठीत घेऊन आवळायची.
मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे उमटलेले दिसले पाहिजेत
आणि ढेकूळ मधोमध मोडलं तर कडा ढासळता कामा नयेत.
एवढीच परीक्षा.
पुढं मालकाच्या पोरानं तपासायचं यंत्र आणलं,
तरी वाळू आधी माझ्या मुठीतनं जायची.
एक सूत चुकलं की काम परत.

आता घरामागच्या परड्यात दहा बाय बाराचा तुकडा.
कसबा बावड्याची काळी माती,
पावसात पायातलं पायताण ओढून घेते
आणि मे महिन्यात अशी भेगाळते
की पडलेली किल्ली परत मिळत नाही.

शिवरात्रीला आणलेल्यातलं एक रताळं
चहाच्या ग्लासात निम्मं बुडवून खिडकीत ठेवलं.
पंधरा दिवस काही नाही.
शालन म्हणाली, टाका ते, वास मारतोय.
सोळाव्या दिवशी एक जांभळा ठिपका,
मुंगीच्या डोक्याएवढा.
मग वासाबद्दल कुणी बोललं नाही.

पहिल्या वर्षी शेणखत घातलं, घातलं, घालतच राहिलो.
वेल माजला.
कुंपण चढून मगदुमांच्या हद्दीत उतरला,
त्यांच्या दोरीवरच्या टॉवेलाला विळखा घातला.
दिवाळी झाल्यावर खणलं,
तर खाली उंदराच्या शेपट्या.
एवढं स्क्रॅप मी नोकरीत कधी काढलं नव्हतं.

रत्नप्रभाकाकू कुंपणापाशी उभ्या होत्या.
जमिनीखालचं त्यांच्या घरात चालत नाही.
बटाटा नाही, कांदा नाही,
लसणाचं तर नाव नाही.
माझं तोंड बघून म्हणाल्या,
"पाला तर झालाय की ओ."
कोवळे शेंडे खुडून ओच्यात घेतले
आणि संध्याकाळी वाटीभर भाजी पाठवली,
हिरवी मिरची, शेंगदाण्याचं कूट.
शालननं दोनदा वाढून घेतली.
मी ताटाला लावूनही घेतली नाही.

दुसऱ्या वर्षी खत बंद.
फाउंड्रीतली जळकी वाळू फुकट मिळत होती,
पण तिच्यात काय काय असतं ते मला ठाऊक आहे.
नदीची आणली, तीन पोती, टेम्पोभाडं वेगळं.
मातीत कालवली,
ओलसर करून मूठ आवळली,
उघडली.
ठसा नाही.
सगळं बोटांच्या फटीतनं गळून गेलं.
हयातभर जी मी नापास केली असती
ती पास केली,
आणि कुणी बघत नाही ना म्हणून मागं वळून बघितलं.

मऊ ठोकलेल्या साच्यात कास्टिंग फुगतं.
गिऱ्हाईक शिव्या घालतं.
इथं गिऱ्हाईक मीच.

श्रावणात दर रविवारी वेल उचलून परतवायचा,
पेरापेराला मुळं धरू द्यायची नाहीत.
साचा दुसऱ्या दिवशी फोडता येतो,
इथं साडेचार महिने जमिनीकडं बघत बसायचं.
एकदा रात्री बॅटरी घेऊन गेलो,
एक बोट आत घातलं,
काहीतरी गार, गोल लागलं.
दगड होता.

कार्तिकात कुदळ बाजूला ठेवून हातांनीच उकरलं.
एक दगडाला वळसा घालून वाढलेलं.
एक दुसऱ्याच्या खांद्यावर बसलेलं.
एक पायताणासारखं, अंगठ्यासकट.
दोन सारखी म्हणून सापडेनात.
शालन बुट्टी धरून उभी,
"ह्यातलं एकतरी तुमच्या फोरमननं घेतलं असतं का?"
नसतं.

पोत्यावर पसरून आठवडाभर सावलीत ठेवली, गोडी भरायला.
मग नळावर हात धुतले,
नखातली माती काडीनं काढली,
आणि कोवळे शेंडे एकेक निवडून
कुंपणापाशी नेऊन दिले.

काकूंनी घेतले.
जायला वळल्या, थांबल्या.
"केवढी झाली ओ?"
मी दोन्ही हात पुढं करून दाखवलं,
होती त्याहून चांगली चार बोटं जास्त.