तुडूम

रात्रपाळीच्या रजिस्टरात मी लिहितो :
दोन वाजून चौदा मिनिटं. ट्रान्सफॉर्मर क्रमांक दोन बाहेर.
कारण : साप.

रकाना लहान आहे, एवढंच मावतं.
मांजऱ्या होता, बोटाएवढा जाड,
पालीमागे चढला असेल बुशिंगवर.
पाल वाचली. टॉर्चच्या उजेडात
माझ्याकडे बघून चुकचुकलीसुद्धा.

मग फोन सुरू झाले.
आधी साकोलीचे, मग भंडाऱ्याचे, मग वरून, अजून वरून,
ज्यांची तोंडं मी कधी पाहिली नाहीत.
तीन वाजता भाची, श्वेतल.
बेसा रोडच्या पुढे, जिथं तूर उभी असायची
आणि आता आठवा ले-आउट पडलाय,
तिथल्या चौदाव्या मजल्यावरून :
मामा, लिफ्ट बंद. नळाला पाणी नाही.
गेटचं कुलूप बोटाच्या ठशाचं, ते कुणालाच ओळखेना.
मी म्हटलं, जिना?
ती जरा गप्प झाली. मग म्हणाली,
जिना कुठून निघतो, ते कधी पाहिलंच नाही.

हसू आलं होतं, गिळलं.
मागच्याच महिन्यात आमच्या रेशनच्या मशिनला रेंज नव्हती
आणि सोनाबाई चार दिवस येऊन बसली,
अंगठा पुढे धरून, समोर तांदळाची थप्पी.
रेंज आली तेव्हा अंगठा उमटेना.
रोवणी करून करून झिजलेला.

यार्डाच्या कुंपणाबाहेर तलाव आहे.
जुना, मालगुजारीतला. आता बेशरम माजलाय त्यात.
त्याचा शेवटचा पाणकर बकाराम कापगते
अजून आहे. पारीवर येतो, तंबाखू मळतो,
ट्रान्सफॉर्मरच्या गुणगुणीवर म्हणतो,
"भुकेलं दिसते तुमचं जनावर."

त्यानंच सांगितलं होतं एकदा :
तुडुमाला भोकं एकाखाली एक,
वरचं आधी उघडाचं, खालचं घाई करून नाई.
शेवटच्या बांधीला पाणी आधी,
तलावाजवळच्याला मागून.
काहून? तर जवळचा दम धरते,
दूरचा धरत नाई.
कोणाची पाळी कोणत्या रात्री,
कोणाच्या धुऱ्यावरून पाट, कोणाच्या घरचं कोण मेलं
म्हणून यंदा त्याचं पाणी कोण फिरवणार,
सगळं त्याच्या डोक्यात. कागद नव्हताच.

मी विचारलं, मग मोडलं कशानं? पुरानं?
त्यानं मान हलवली.
पार तर अजून शाबूत आहे.
एकानं बोअर मारली, बस.
म्हणाला, माझ्या पायलीभर धानाची गरज काय पाणकराला.
दुसऱ्या साली चौघे म्हणाले.
"आवाज नाई झाला, बाबू.
ज्या दिवशी मोडलं त्या दिवशी मी घरी जेवत होतो."

हे मला अजून पचलं नाही.
मला वाटायचं, एवढं मोठं काही कोसळतं
तेव्हा निदान धूळ उडत असेल.
शहराचं भय मला उंचीचं नाही, गर्दीचंही नाही.
कुठल्या तरी रकान्यात कुणी तरी
बेफिकीर हातानं लिहीत असेल : पायलीभर. साप.
आणि आम्ही जेवत असू.

साडेपाचला गाडी आली. दोन पोरं चढली,
जळकी दोरी काढावी तसा साप काढला,
बुशिंग बदललं, चहा मागितला.
बकाराम कुंपणाला टेकून पाहत होता.
तुडुमाचा लाकडी गुडदा त्याच्या घरी आहे,
त्यावर बसून तो दाढी करतो.
द्याल का मला, विचारायचं होतं. कशाला, ते माहीत नाही.

सहा दहाला लिहिलं : पुरवठा सुरू.
'सुरळीत' लिहितात खरं तर. तो शब्द मी गाळला,
साहेब विचारतील तेव्हा बघू.

फोनवर श्वेतलचा निरोप पडला होता :
मामा, जिना सापडला.
नवव्या मजल्यावर पायरीतच
कबुतरानं अंडी घातलीत.
बरीच जुनी काडी आहे घरट्याला.