ओतारचा शर्ट

एकोणतीस वर्षं मी बातुमीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते.
कानाला हेडफोन, समोर भोकांची भिंत,
हातात दोन वायरी, इकडची तिकडे, तिकडची इकडे.
कोण कुणाला रात्री अकराला रडत फोन करतं,
कुणाच्या मुलाचा बाप कोण,
सगळं या कानांनी ऐकलं
आणि या कानांतच पुरलं.
ओतार विचारायचा, आज काय विशेष?
मी म्हणायचे, लाइनवर खरखर होती.

म्हणून तिसऱ्या मजल्यावरची गुरांदा
फोन हातात धरून माझ्या दारात आली
तेव्हा मी आधी कडी घातली,
मग चहा टाकला.

मुलीचा सातवा वाढदिवस. अक्रोडाचा केक.
तिने सगळं पाहूनसवरून केलं होतं.
चेहरा नाही, फक्त सुरी धरलेला चिमुकला हात.
गावाचं नाव नाही, आडनाव बदललेलं,
यादीत मोजून एकतीस माणसं, सगळी ओळखीची.
एकतीस!
आमच्या बोर्डावर दोघंच बोलायचे
तरी तिसरी मी असायचेच.

खाली अनोळखी नावाने एकच ओळ:
'केक छान झालाय. खालीच औषधाचं दुकान आहे ते बरं,
पोरीला रात्री-अपरात्री ताप येतो.'

तिने फोटो मोठा केला. मी चष्मा लावला.
केकच्या मागे, बाल्कनीच्या काचेत,
हिरवा क्रॉस
आणि दुकानाची पाटी, उलट्या अक्षरांत.
उलटं वाचायला वेळ लागतो.
पण ज्याच्यापासून ती पळून आली
त्याच्याकडे वेळच वेळ आहे.

फोटो काढून टाकला. पोलिसांत गेली.
तिथला कोवळा पोरगा म्हणाला, मग टाकलातच कशाला?
मला विचारलं असतं त्याने!
सात वर्षांची पोर वर्षभराने पोटभर हसली,
ते कुणाला दाखवू नये तर काय करावं?
झाकली मूठ सव्वा लाखाची, कबूल.
पण मूठ जन्मभर आवळून धरली
तर त्या हाताने वेणी कशी घालायची?

रात्रभर डोळा लागला नाही.
सकाळी अंगणावरच्या दोऱ्या बघत उभी राहिले,
आमच्या खिडक्यांपासून पलीकडच्या खांबापर्यंत
कप्पीवरून कुरकुरत सरकणाऱ्या.
इथे बाळंतपण आधी दोरीवर कळतं, मग दारात.
गुरांदाच्या दोरीवर दोन फ्रॉक, लहान मोजे,
एक बायकी गाऊन.
कुणीही मान वर करावी आणि वाचावं.

कपाट उघडलं. सहा वर्षांनी.
ओतार बंदरावर क्रेन चालवायचा,
छाती अशी की बटणं कायम ताणलेली.
दोन शर्ट, एक विजार.
स्वच्छच होते, तरी धुतले,
डांबरगोळ्यांचा वास जायला हवा ना.
तिच्या दोरीवर चिमटे लावताना ती म्हणाली,
हे खोटं आहे, लामारा काकू.
हो, म्हटलं.
आम्हीसुद्धा सांगायचो ना कधीकधी,
दारूच्या नशेत बायकोचा नंबर मागणाऱ्याला,
की लाइन बिझी आहे.

आता मंगळवार-शुक्रवार ओतार तिसऱ्या मजल्यावर वाळतो.
औषधवाल्याने एकदा विचारलं, वर कोण राहायला आलंय?
हल्ली मला नीट ऐकू येत नाही, मी सांगितलं.
तो दुसरा अजून आलेला नाही.
येणारच नाही, असं मी म्हणत नाही.

परवा आठवा वाढदिवस झाला. फोटो काढले, तेवीस.
एकही कुठे गेला नाही.
आम्ही तिघींनी सोफ्यावर दाटीवाटीने बसून
फोन हातोहात फिरवला,
काच, क्रॉस, पाटी, सगळ्यासकट,
आणि एका फोटोत माझे बंद डोळे, त्यावर पोर किती हसली.

काल शर्ट परत आले
तर बाहीचं सैल बटण गुरांदाने शिवलेलं.
दोरा जरा वेगळ्या रंगाचा.
लांबून कुणाला दिसायचं नाही.