'बघू'साठी चौकोन नाही

त्रिएस्तेत बोरा सुटला की
आधी आमच्या हॉटेलची पाटी बोलायला लागते,
मग खिडक्या, मग मी.
अकरा खोल्या. रात्रपाळी माझी.
मालक कोवाचिच वर झोपतात,
त्यांच्या खोकल्यावरून मला किती वाजले ते कळतं.

फोन आला पावणेदोनला.
बाई गोरित्सियाहून बोलत होत्या. नेरिना.
आवाज असा, की घरातला दिवा लावायचाही राहून गेला असावा.
"तुमची खोली माझ्यासमोर तीन भावांनी उघडी आहे," म्हणाल्या,
"एकीकडे एकाहत्तर युरो,
एकीकडे चौसष्ट, पण पैसे परत नाहीत,
आणि तुमच्या स्वतःच्या पानावर अठ्ठ्याहत्तर.
खोली एकच ना? की तिलाही तीन तोंडं?"
वर लाल अक्षरांत घड्याळ उलटं पळतंय,
एकच खोली उरलीय,
आत्ता सतरा जण तीच पाहताहेत.

मी मागे वळले.
खिळ्यांवर सात चाव्या लोंबत होत्या,
फटीतल्या वाऱ्यानं एकमेकींना ढोसत.
सतरा जण सोडाच,
पाहायला मांजरसुद्धा नव्हतं.

"किती रात्री?" मी विचारलं. फॉर्मातला पहिला प्रश्न.
पलीकडे नुसता वारा,
तासाभराच्या अंतरावरचा, पण ओळखीचा.
मग म्हणाल्या, "तेच तर कुणी सांगत नाही."

भाऊ टेकडीवरच्या इस्पितळात.
लिव्हिओ. छातीला तारा लावलेल्या.
डॉक्टर म्हणाले, बघू.
आणि पडद्यावर चौकोन दोनच:
येण्याची तारीख, जाण्याची तारीख.
'बघू'साठी चौकोन नाही.

चौसष्टवाली घेऊ नका, मी म्हणाले.
ती स्वस्त नाही, हट्टी आहे.
तुम्ही या, नका येऊ, ती पैसे घेऊन बसणार.
एकाहत्तरवालीला रद्द करायची मुदत आहे,
ती काल संध्याकाळीच टळली.
अठ्ठ्याहत्तर हा मालकांचा आकडा,
हिवाळ्यात तो तेही मनावर घेत नाहीत.
नाव सांगा. बाकी राहू द्या.

टेबलाखाली एक जुनी वही असते,
संगणक बंद पडला तर म्हणून.
तिच्यात पेन्सिलीनं लिहिलं:
चार नंबर, नेरिना, साठ युरो, आल्यावर.
रात्री, आणि पुढे कोरी जागा.
"कार्डाचा नंबर?"
नको.
"मग तुम्हाला खात्री कशी?"
मला काही सुचेना. म्हटलं,
चारची खिडकी नीट लागत नाही, रात्रभर शीळ घालते.
आमची खोड आम्ही आधीच सांगितली.
त्या हसल्या.
सुटी नाणी मोजून द्यावीत तेवढंच.

तीन रात्री चार नंबर कुणाला दिली नाही.
ग्रात्सच्या जोडप्याला दिली नऊ,
जिचा हीटर खडखडतो,
आणि चारची चावी माझ्या खिशात,
म्हणजे कोवाचिचांना खिळा रिकामा दिसावा.
खोटं म्हणाल तर खोटंच.
पण त्या सतरा जणांपुढे अगदीच लिंबूटिंबू.

चौथ्या पहाटे फोन.
आधी भांड्यांचा आवाज, मग पुरुषाचा,
चिडलेला, मिठावरून.
"ऐकलंत?" नेरिना म्हणाल्या. "काल सोडलं. आता अळणी खायचंय त्याला."
आणि तुम्ही? तिथे राहिलात कुठे?
"त्याच्या पलंगाशी, खुर्चीत.
पाय निघेना.
पण खाली उतरलं की खोली आहे, हे ठाऊक होतं ना,
म्हणून डोळा लागायचा.
तीन रात्रींचे किती झाले?"

मी वही काढली.
खोडरबर नव्या मुलाच्या टेबलावर सापडलं, गुलाबी, कुरतडलेलं.
नाव गेलं, आकडा गेला,
कागदावर खळगा राहिला, तिरपा धरला तर वाचता येतो.
एवढ्यात कोवाचिच खोकत खाली आले,
माझ्या हातातली चावी बघून थांबले.
"चारमध्ये होतं कोण?"

बाई एक, मी म्हणाले.
झोपमोड नाही, तक्रार नाही.
खिडकी तेवढी दुरुस्त करा.