वजनकाट्यावर

उसगावात सपाट जागा एकच :
बंद खाणीचा वजनकाटा.
उंची मोजायची ती इथेच, कायतान मेस्त म्हणतो,
उतारावर गाडी खोटं बोलते.

अनमोड घाट उतरताना मागे काहीतरी सुसकारत होतं.
मला वाटलं रातकिडे.
सकाळी बघतो तर ट्रक डाव्या खांद्याने खचलेला,
फुगा सुकलेल्या कोकमासारखा.

साबणाचं पाणी, दाढीचा जुना ब्रश.
नळीच्या सांध्यावर बुडबुडा आला, वाढला, फुटला,
परत आला.
"हांगा," मेस्त पुटपुटला.

मी वाकलोच होतो खाली शिरायला.
त्याने कॉलर धरली, वासराला ओढावं तशी.
"राव मरे!"
आधी चाकांना अडण.
मग चासीखाली फणसाचे चार ठोकळे,
मग हवा सोड, सगळी,
काटा शून्यावर टेकू दे,
टेकल्यावरही मनात वीस मोज.
हवेवर बसावं, म्हणाला,
हवेखाली निजू नये.

दुपारी नवी नळी पडली.
व्हॉल्व्हची दांडी अर्धा सूत इकडे, पाव सूत तिकडे.
गाडी उठली, आधी उजवी, मग कुरकुरत डावी.
त्याने खुणेशी काडेपेटी उभी धरली :
मावली.
काट्याच्या खोलीत कारकुनाची खुर्ची तेवढी उरलीय,
वजन विचारणारं कुणी नाही.

मोल्याच्या पुढे रानात पुन्हा तोच आवाज.
रातकिडेच.
तरी थांबलो, उतरलो,
टॉर्च मारून पाहिलं,
लांबूनच.